खाली गेलेल्या माना : गोळीबाराचे गणित आणि आपली सरहद्द



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत त्या सरांनी मला याच शाळेत गणित शिकवले. व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी दोनदा खात्री करून घेतली. गणिताच्या शिक्षकाच्या स्मृतिदिनी पायदळाचा गोळीबार कशासाठी, असा प्रश्न त्यांना पडला असावा, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की हे उदाहरण सरांनीच मला घातले होते आणि त्यांच्या हयातीत मी ते सोडवून दाखवू शकलो नाही.

आरंभ माझ्या अकराव्या वर्षापासून करतो. 18 डिसेंबर 1961 च्या पहाटे आमच्या डिचोलीतील घराची कौले थरथरली. आधी लांबून, दोडामार्गाच्या अंगाने, गडगडाट ऐकू येत होता. मग अगदी जवळ एकच दणका बसला आणि माझी आजी अंधारात उठून बसत म्हणाली, “पूल गेलो.” तिचे म्हणणे खरे होते. भारतीय तोफांनी पहाटे चारच्या सुमारास मावळिंग्याच्या परिसरावर मारा सुरू केला होता. तेथे पोर्तुगिजांचे भारी रणगाडे आहेत अशी बातमी होती आणि ती चुकीची निघाली. पाच वाजण्यापूर्वी माघार घेणाऱ्या पोर्तुगीज तुकड्यांनी डिचोलीचा पूल उडवला. पाठोपाठ अस्नोड्याचा आणि शापोरा नदीवरचा कोलवाळचा पूलही गेला. उजाडले तेव्हा पाखले गावात नव्हते. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या 50 व्या पॅराशूट ब्रिगेडचे जवान उत्तर सीमेवरून तीन वाटांनी उतरत होते. 2 पॅरा (मराठा) ही पलटण फोंड्याकडे, 1 पॅरा (पंजाब) बाणस्तारीकडे, आणि रणगाड्यांसह 2 शीख लाइट इन्फन्ट्री थिवीमार्गे बेतीकडे. त्याच दिवशी संध्याकाळी मांडवीच्या अलीकडच्या तीरावर, पणजीच्या समोर, भारतीय रणगाडे उभे होते. दुसऱ्या दिवशी, 19 डिसेंबरच्या रात्री, गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

या मोहिमेचे आकडे आपल्याला पाठ असतात, पण त्यांच्याकडे उदाहरण म्हणून आपण क्वचितच पाहतो. भारताची फौज सुमारे 45,000. पोर्तुगिजांची साडेतीन हजारांच्या आसपास. गोवा, दमण आणि दीव मिळून भारताचे 22 जण कामी आले, पोर्तुगालचे 30. साडेचार हजारांवर माणसे युद्धबंदी झाली. बंद्यांच्या संख्येत पोलिसांसारखे इतर दलांचे लोकही होते, म्हणून ती फौजेपेक्षा मोठी दिसते.

आता गणिताकडे वळू. फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्रज अभियंता मूळचा मोटारगाड्या बांधणारा. 1914 साली त्याने लढाईसाठी दोन साधी समीकरणे मांडली. त्याच सुमारास ओसिपोव्ह नावाच्या रशियन अधिकाऱ्यानेही स्वतंत्रपणे तेच केले. विचार असा : नेम धरून गोळी मारता येत असेल तर आपली माणसे ज्या वेगाने पडतील तो वेग शत्रूच्या हयात माणसांच्या संख्येच्या प्रमाणात असेल. यावरून असे निघते की सैन्याचे बळ त्याच्या संख्येच्या वर्गाइतके असते. एका बाजूस 1000 आणि दुसऱ्या बाजूस 500 माणसे सारख्याच शस्त्रांनी अखेरपर्यंत लढली, तर पाचशे संपतील तेव्हा हजारांपैकी 866 शिल्लक असतील. त्या 866 जणांपुढे आणखी 500 ताज्या दमाची माणसे आली तरी शेवटी 707 उरतील. म्हणजे हजारास हजार लढले, तरी ज्याने आपले हजार दोन तुकड्यांत पाठवले तो संपला आणि दुसऱ्याचे सातशे जिवंत राहिले. शत्रूला एकेक करून गाठावे हे शहाणपण जुनेच आहे, पण त्याचा हिशेब मांडला तो लँचेस्टरने. 1954 मध्ये एंगेल या गणितज्ञाने 1945 च्या इवो जिमाच्या लढाईतील अमेरिकी सैन्याचे दैनंदिन आकडे या समीकरणाला लावून पाहिले, तेव्हा ते चांगले जुळले.

हेच सूत्र गोव्याला लावा. नेम आणि शस्त्रे सारखी धरा, 45,000 आणि 3,500. उत्तर येते : पोर्तुगिजांचा शेवटचा माणूस पडेपर्यंत भारताची सुमारे 136 माणसे पडली असती. प्रत्यक्षात 22 पडली. ही चूक क्षम्य आहे, कारण शस्त्रे सारखी नव्हतीच. मोठी चूक दुसऱ्या बाजूला आहे : सूत्र म्हणते 3,500 मेले, इतिहास म्हणतो 30.

येथे मला एक योगायोग दिसतो. 14 डिसेंबरला सालाझार यांनी लिस्बनहून गव्हर्नर जनरलना संदेश धाडला होता. शरणागती नको, विजयी व्हा किंवा मरा, असा त्याचा आशय होता. लँचेस्टरचे समीकरण आणि सालाझारचा संदेश या दोहोंचे गृहीतक एकच आहे : माणूस मरेपर्यंत लढत राहतो. व्हासालो ई सिल्वा यांनी ते गृहीतक अमान्य केले. हजारो जीव वाचले, आणि त्याबद्दल 1963 मध्ये त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले. 1974 च्या पोर्तुगीज क्रांतीनंतरच त्यांची पुनःस्थापना झाली.

तर मग बंदुकीची गोळी करते तरी काय? जी लागते ती मारते हे उघड आहे. पण लागणाऱ्या एका गोळीमागे न लागणाऱ्या शेकडो असतात, आणि पायदळातील कोणताही जुना जवान आपल्याला सांगेल की त्या वाया जात नाहीत. कानाजवळून कडाडत गेलेली गोळी माणसाची मान खाली घालते. मान खाली आहे तोवर तो पाहू शकत नाही, नेम धरू शकत नाही, आणि तेवढ्या वेळापुरता युद्धातून बाद असतो. या दडपणाऱ्या गोळीबाराला आपले जवान ‘कव्हरिंग फायर’ म्हणतात. एक तुकडी शत्रूच्या माना खाली ठेवते आणि दुसरी तेवढ्यात पुढे सरकते. लँचेस्टरच्या समीकरणात या भीतीला जागा नव्हती. ती पुढच्या पिढ्यांनी केली, विशेषतः 1970 नंतर.

या जागेत काय भरायचे ते आपण स्वतःच मांडून पाहू. दहावीच्या विद्यार्थ्यालाही ते जमेल. समजा, जवळून गोळी गेली की खंदकातला माणूस पाच सेकंद मान वर काढत नाही. पाच ही संख्या मी सोयीसाठी घेतली आहे. मिनिटाला सरासरी 12 गोळ्या त्याच्या जवळून जात आहेत, म्हणजे सरासरीने दर पाच सेकंदांना एक. तर तो सतत दबून राहील असे प्रथमदर्शनी वाटते. पण गोळ्या घड्याळ लावून येत नाहीत. दोन लागोपाठ येतात, मग नऊ सेकंद काहीच नाही. अशा यदृच्छेने घडणाऱ्या गोष्टींचे गणित प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने 1837 मध्ये मांडले. पुढे 1898 मध्ये बोर्टकीविच यांनी प्रशियाच्या घोडदळात घोड्यांच्या लाथांनी दगावलेल्या सैनिकांना ते लावून दाखवले, आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकांत ते घोडे कायमचे बांधले गेले. तर प्वासाँच्या हिशेबाने, गेल्या पाच सेकंदांत एकही गोळी आली नाही असा वेळ शेकडा 37 भरतो. म्हणजे 12 गोळ्या खर्चूनही शत्रू एक तृतीयांशाहून अधिक वेळ मान वर काढून मोकळा. गोळ्या दुप्पट करा, 24. मोकळा वेळ शेकडा साडेतेरा. तिप्पट करा, 36, शेकडा पाच. पहिल्या बारा गोळ्यांनी शत्रूचा 63 टक्के वेळ खाल्ला, दुसऱ्या बारांनी 23, तिसऱ्या बारांनी जेमतेम साडेआठ. काडतुसांचे ओझे मात्र तिन्ही वेळा सारखेच वाढले.

आता त्याच पहिल्या बारा गोळ्या घ्या, पण यदृच्छेने न सोडता ठरवून, बरोबर पाच सेकंदांच्या अंतराने सोडा. मोकळा वेळ शून्य! छत्तीस बेशिस्त गोळ्यांनी जे साधले नाही ते बारा शिस्तीच्या गोळ्यांनी साधले. ब्रेनगनवाल्याने लांब झोड न उठवता थोड्याथोड्या गोळ्यांचे झटके द्यावेत, त्याचे मॅगझिन बदलेपर्यंत रायफलवाल्यांनी खंड पडू देऊ नये, हे जे शिकवले जाते त्यामागचे गणित हे आहे. मॅगझिनमध्ये तीस गोळ्या मावत; समोरचा अनुभवी असेल तर तो त्या कानांनी मोजत असे आणि थांबा आला की उठत असे. (आमच्या वर्गात सर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावर नेमके हेच चाले, आणि सर नेमक्या अनियमित अंतराने मागे वळत. त्यांना प्वासाँ पक्का ठाऊक होता.)

पण या पद्धतीत एक भगदाड आहे, आणि तेथेच माणसे मरतात. हल्ला करणारी तुकडी अगदी जवळ पोहोचली की मागचा आधार थांबवावा लागतो, नाहीतर आपलीच गोळी आपल्याला लागेल. समजा, शेवटचे 50 मीटर उरले. ओझ्यासह सेकंदाला तीन मीटर धावले तरी सतरा सेकंद लागतात. शत्रूची मान पाच सेकंदांत वर येते. उरलेली बारा सेकंदे धावणारा उघडा असतो. पहिल्या महायुद्धात पायदळापुढे सरकत जाणारा तोफांचा पडदा काढला गेला तो हे बारा सेकंदांचे अंतर मिटवण्यासाठीच.

त्या बारा सेकंदांत काय होते त्याचे उदाहरण मराठी माणसाला दूर शोधावे लागत नाही. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, तिसऱ्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांचे सेक्शन जवळून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सापडले. त्यांच्याखेरीज सेक्शनमधील सगळे पडले किंवा जखमी झाले. आधार द्यायला मागे कोणी उरले नव्हते. म्हणजे आपल्या सूत्रात गोळ्यांचा दर शून्य, शत्रूची मान पूर्ण वर. घाडगे धावले, बाँब टाकून मशीनगन आणि तिचा चालक निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून नळीने धरलेल्या बंदुकीचा सोटा करून उरलेल्या दोघांना लोळवले. मग दुरून टिपणाऱ्यांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातला हा बावीस वर्षांचा मुलगा. त्यांचीच पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि 2 पॅरा झाली. 18 डिसेंबरला आपल्या मुलखातून फोंड्याकडे गेली ती हीच, हे मला फार उशिरा कळले.

दुसरे उदाहरण सेनियो नदीचे. 9 एप्रिल 1945. नदीच्या उंच बांधांत जर्मन मशीनगनी पोखरून बसल्या होत्या. दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी आळीपाळीने बांध भाजून काढला. दर वेळी मारा थांबला की जर्मन सैनिक बाहेर येत आणि पुन्हा मारा सुरू होई. अखेरच्या फेरीत विमाने पूर्वीसारखीच झेपावली, पण या वेळी त्यांनी काहीच टाकले नाही. खालच्या माना तरीही खालीच राहिल्या, आणि तेवढ्यात पायदळ बांधाशी भिडले. एकही गोळी खर्च न करता केलेला हा दडपणारा गोळीबार! तरीही तो सगळीकडे पुरला नाही. पहिल्या मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांच्या वाट्याला तीन जिवंत मशीनगन ठाणी आली. त्यांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून सुरक्षित जागी नेले, परत फिरून ती ठाणी एकट्याने गप्प केली, आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाचा घोष करीत मागच्यांना बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सेनियोच्या या युक्तीवरून एक गोष्ट ध्यानात येते. पाच सेकंद ही संख्या गोळीत नसते, ती माणसाच्या अपेक्षेत असते. म्हणूनच रणगणितात सर्वांत अवघड आकडा तो आहे. मार्शल या अमेरिकी लेखकाने 1947 मध्ये ठामपणे लिहिले की लढाईत पंधरा ते पंचवीस टक्केच सैनिक प्रत्यक्ष गोळी झाडतात. त्या विधानावर कैक वर्षे शिक्षणक्रम रचले गेले. पुढे तपास झाला तेव्हा त्या टक्केवारीला आधार देणाऱ्या नोंदीच सापडल्या नाहीत. आकडा सुबक असला की आपण त्याला प्रश्न विचारत नाही, हा आम्हा गणितवाल्यांचा जुना दोष आहे.

आपल्या सत्तरीच्या रानांसाठीही एक समीकरण आहे, ते ओझरते सांगतो. 1962 साली डाइचमन यांनी छापामार युद्धासाठी लँचेस्टरचे सूत्र मोडून घेतले. दबा धरलेला माणूस उघड्यावरच्या सैनिकाला नेम धरून मारतो. सैनिकाला मात्र तो दिसत नाही, तो नुसता झाडीत गोळ्या पेरतो. असे असले की मूठभरांना मोठ्या फौजेशी बरोबरी साधते. दीपाजी राणे यांनी 1852 मध्ये नाणूसचा किल्ला घेऊन पुढे तीन वर्षे पोर्तुगिजांना का दमवले याचे सगळे उत्तर यात नाही, पण थोडे आहे.

आणि 1961 मध्येही दडपणाचे गणित चुकले की काय होते ते अंजदीव बेटाने दाखवले. तेथे उतरणाऱ्या नौसैनिकांवर किनाऱ्यावरच्या मशीनगनी चालल्या आणि सात जण पडले. मग जहाजांच्या तोफा बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी बेट हाती आले. संपूर्ण मोहिमेतील 22 पैकी 7 त्या टीचभर बेटावर. आपल्या तालुक्यांत मात्र माना खाली घालण्याची वेळच फारशी आली नाही. याचे श्रेय मी आपल्या तोफांना देणार नाही. पूल उडवत मुरगावकडे मागे सरकायचे हा पोर्तुगिजांचा आराखडा आधीच ठरलेला होता.

आता सरांकडे येतो.

सर मूळचे बांद्याकडचे. मुक्तीनंतर दुसऱ्याच वर्षी ते या शाळेत आले. 15 ऑगस्ट 1955 रोजी ते पत्रादेवीला होते हे आम्हा विद्यार्थ्यांना ठाऊक होते आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी भारतातून हजारो निःशस्त्र सत्याग्रही अनेक ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. पेडणे तालुक्याच्या टोकाला, पत्रादेवीला, पंजाबहून आलेले कर्नैलसिंग पडले. भारताने त्यानंतर सीमा बंद केली.

सर त्याविषयी बोलत नसत. स्वातंत्र्यदिनी त्यांना मंचावर बोलावले की ते कामाचे निमित्त सांगत. आम्ही त्याला विनय समजलो. मी पुण्याहून संख्याशास्त्र शिकून परतलो तेव्हा एका सुट्टीत ते मला आपल्या सायकलवरून नव्हे, बसने, मुद्दाम पत्रादेवीला घेऊन गेले आणि रस्त्याच्या कडेचा एक चर दाखवला. म्हणाले, “मी इथे आडवा झालो. पहिला आवाज आला आणि माझे मीच आडवे झालो. माझ्या पुढचा माणूस उभा होता. माझ्यानंतर तोही वाकला, आणि मग उठून चालू लागला. मी उठलो नाही. तू गणित शिकलास ना? मग हे घाल.”

मी तेव्हा काहीतरी सांत्वनाचे बोललो. आज मांडून पाहतो. सरांना मी प्वासाँचे सूत्र दाखवले असते. मिनिटाला बारा गोळ्यांत शेकडा 63 वेळ माणूस खालीच असतो, आणि तो शिकवलेला, बंदूक हाती असलेला, खंदकात बसलेला सैनिक असतो. विशीतल्या निःशस्त्र मुलाने उघड्या रस्त्यावर आडवे होण्याला भित्रेपणा म्हणायचे तर सेनियोच्या दोन्ही काठांवरची सगळी सैन्ये भित्री ठरतील. एवढे सांगितले असते तर त्यांचे ओझे थोडे हलके झाले असते असे मला वाटते. ही उकल माझ्या वहीत तयार झाली तेव्हा सरांना जाऊन सहा महिने झाले होते.

पण प्रश्नाचा दुसरा भाग उरतोच. मान खाली घालण्याला सूत्रात अर्थ आहे तो एवढ्यासाठी की माणूस जिवंत राहतो आणि पुढे लढतो. ज्याच्या हाती बंदूकच नाही त्याच्यासाठी लँचेस्टरच्या दोनांपैकी एक समीकरण शून्य होते. त्याच्या चालण्याने समोरचा एकही माणूस कमी होत नाही. तरी तो उठला. त्याच्यासाठी मला पाच सेकंदांच्या जागी एक किंवा दोन लिहावे लागतात, आणि घाडग्यांसाठी शून्य. लिहिता येते. समीकरण बिनतक्रार चालते. ती संख्या आली कोठून, हे कागदावर कोठेच उमटत नाही, आणि उठलेल्या त्या माणसाचे नावही सरांना कधी कळले नाही.

गेल्या पावसाळ्याआधी मी पत्रादेवीला जाऊन आलो. हुतात्मा स्मारकाशी थोडा वेळ बसलो. महामार्ग आता चौपदरी झाला आहे. सरांनी दाखवलेला चर मला सापडला नाही. अंदाजाने मोजत गेलो तर तो रस्त्याच्या डाव्या मार्गिकेखाली कोठेतरी येतो.